आप्ताचा शब्द

आमच्या घरात तत्त्वज्ञान शिरलं ते चुलीच्या धुरातून. आकुर्डीचं आमचं घर एकच होतं, पण चुली दोन होत्या. मी पाच वर्षांची असताना वडील तापानं गेले. त्यानंतर थोरले चुलते तात्या आणि काकू यांची चूल माजघरात राहिली आणि आईची चूल ओसरीला लागून असलेल्या पडवीत आली. मधे कुडाची भिंत. ओसरीवर बोललेलं सगळं आईला ऐकू जायचं, आणि आईनं भाकरी थापायला घेतली की तिचा थपथप आवाज ओसरीवर यायचा. तात्या चिंचवडच्या शाळेत मास्तर होते. रविवारी दुपारची जेवणं झाली, की ओसरीच्या खांबाला टेकून ते तांबड्या फडक्यातली पोथी सोडत आणि मला हाक मारत, "चंद्रे, ये. काल कुठवर आलो होतो?" काल नव्हे, मागच्या रविवारी, पण मधले सहा दिवस त्यांच्या लेखी नसायचेच.

ती पोथी तर्काची होती. तरुणपणी मास्तरकी शिकायला पुण्यात असताना तात्या रोज संध्याकाळी एका शास्त्रीबुवांच्या पाठाला जाऊन बसत. बुवांकडची पोथी त्यांनी स्वतःच्या हातानं उतरून आणली होती. पहिलं पान गहाळ झालेलं, त्यामुळे तिचं नाव मला कधीच कळलं नाही. वर ठळक बाळबोध अक्षरांत संस्कृत ओळ आणि खाली तात्यांच्या बारीक मोडीत तिचा मराठी अर्थ. बाळबोध मला वाचता यायचं. मोडी मात्र सांडलेल्या शेवयांसारखी दिसायची, कुठं सुरू होते आणि कुठं संपते काही कळायचं नाही. मी एकदा म्हटलं, "तात्या, मला मोडी शिकवा की." ते म्हणाले, "मोडी संपली आता. शाळेतून गेली, कचेरीतूनही चालली. तुला कशाला हवी? मी आहे ना वाचायला." मला ते पटलं. मुलीला घरात वाचायला बसवणारा चुलता गावात दुसऱ्या कोणाचा होता? मी त्या गोष्टीनं इतकी फुगलेली असायचे, की पाणवठ्यावर मैत्रिणींना 'अनुमान' हा शब्द मुद्दाम ऐकवायचे.

पहिला धडा धुराचा. तात्या समोरच्या टेकडीकडं बोट दाखवत म्हणाले, "तिकडं धूर दिसतोय. विस्तव दिसत नाही. तरी तिथं विस्तव आहे हे तुला कळलं. कसं कळलं?" मी म्हटलं, "धुरावरनं." "त्यालाच अनुमान म्हणतात." एवढ्यात भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई तोंड उघडून बोलत नसे. आईला तात्यांशी काही बोलायचं असलं तर ती मला सांगायची, तात्या पुढ्यात बसलेले असले तरी. आणि तात्याही उत्तर मलाच द्यायचे. सगळी वर्षं त्या दोघांमधलं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून गेलं. तर आई म्हणाली, "चंद्रे, इचार तुझ्या तात्यास्नी. सरपण वाळलेलं असलं म्हंजे धूर कुठनं यील? इस्तू हाय, धूर न्हाई." मी विचारलं. तात्या पोथी मांडीवर ठेवून सरळ बसले. "सांग तुझ्या आईला, हेच लिहिलंय इथं. धूर विस्तवानं होत नाही, ओल्या सरपणानं होतो. आम्हाला हे समजावून द्यायला शास्त्रीबुवांना दोन दिवस लागले होते." पलीकडून आई हसली. मला त्या हसण्याची आजही आठवण येते, कारण आई तशी हसणारी बाई नव्हती.

असेच रविवार जात राहिले. मडकं आणि माती, गाय आणि तिच्यासारखं दिसणारं रानातलं जनावर, फळ्यावरचा खडू आणि खडूचा पांढरेपणा. एका रविवारी ते म्हणाले, "चिंचवड पवनेवर आहे असं आपण म्हणतो. मग चिंचवड पाण्यावर तरंगतं का?" मी खो खो हसले. "नाही ना? मग 'पवनेवर' म्हणजे पवनेच्या काठावर. शब्द एक असतो, अर्थ त्याच्या शेजारी बसलेला असतो. तो ओळखायचा." मग कधीतरी दोरीची पाळी आली. संधिप्रकाशात वाटेत दोरी पडलेली असते, माणसाला ती साप वाटते, तो घाबरतो. उजेड आणला की साप नाहीसा होतो. तात्यांनी ते इतकं रंगवून सांगितलं, की माझ्या अंगावर काटा आला. आई पलीकडं लसूण सोलत होती. ती म्हणाली, "चंद्रे, इचार. गेल्या साली गोठ्यात मी दोरी म्हणून हात घातला आन् साप निघाला. त्याचं काय लिवलंय का पोथीत?" मी विचारलं. तात्या हसले आणि पान उलटत म्हणाले, "त्याचं काही लिहिलेलं नाही." आम्ही तिघंही हसलो.

आणि मग शब्दाचा धडा. तो दिवस मला पुरता आठवतो. काकूंनी भुईमुगाच्या शेंगा भाजून ठेवल्या होत्या आणि तात्या शेंगा फोडत फोडत बोलत होते. डोळ्यांनी कळतं, अनुमानानं कळतं, तसं शब्दानंही कळतं, ते म्हणाले. मी म्हटलं, "पण कोणी खोटं सांगितलं तर?" "म्हणूनच कोणाचाही शब्द चालत नाही. आप्ताचा शब्द लागतो." त्यांनी पोथीतल्या मोडीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "आप्त म्हणजे आपला माणूस." मग माझ्याकडं बघून समजावलं, "लग्नाच्या पत्रिकेत लिहितात ना, आप्तेष्टांसह यावे? तेच आप्त. आपला माणूस सांगतो ते डोळ्यांनी पाहिल्याइतकंच खरं धरायचं." मी शेंगेचं टरफल चुरत बसले. त्यांना वाटलं मला पटलं नाही. त्यांनी विचारलं, "तुझे वडील कसे दिसायचे, आठवतं तुला?" मी मान हलवली. खरंच आठवत नव्हतं. "मग ते होते हे तुला कशावरून माहीत? आम्ही सांगतो म्हणून. उंच होते, कपाळावर खोक पडल्याची खूण होती, विहिरीच्या कामावर सुरुंगाची भोकं स्वतः पाडायचे. तुला पाहिल्याचं आठवत नाही, पण तुला माहीत आहे. याला म्हणतात शब्द." भिंतीपलीकडं आईची भाकरी थांबली होती. मी त्या दिवशी रडले, आणि तात्यांवर माझा जो विश्वास बसला तसा त्यानंतर मी कोणावरही टाकलेला नाही, माझ्या नवऱ्यावरसुद्धा नाही.

ती विहीर म्हणजे आमच्या घरचा जीव होता. विहिरीचं रान दोन्ही भावांचं. वडील गेल्यावर अर्धा वाटा आईच्या नावावर लागला होता. आठवड्यातले तीन दिवस आईच्या पाण्याची पाळी. गड्याला धरून ती मोट चालवून घ्यायची. मोटेच्या चाकाची कुरकुर, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि पाटात पडणाऱ्या पाण्याचा भदाभदा आवाज, हे सगळं ऐकत मी मोठी झाले. त्या पाण्यावर आईचा कांदा व्हायचा आणि चाकणच्या बाजारात जायचा. चाकणहून आली की आई माझ्यासाठी शेवचिवड्याची पुडी आणायची आणि म्हणायची, "हे रान हाय म्हणून आपण कुणाच्या दारात उभं न्हाई." तिला तत्त्वज्ञान नको होतं, तिचं सगळं त्या वाक्यात आलं होतं.

शब्दाच्या त्या धड्यानंतर वर्षभरानं पिंपरीत औषधांचा नवा कारखाना उभा राहिला. त्याचा भोंगा वारा असला की आमच्यापर्यंत यायचा. रस्त्याच्या कडेनं पुण्याची माणसं मोटारी थांबवून रानं बघत उभी राहायची. मी ते बघायचे. तात्यांकडं कोणी कोणी येऊन बसायचं, तेही बघायचे. काकूंनी नव्या कपबशा आणल्या, तेही बघितलं. धूर माझ्या डोळ्यांसमोर होता, चांगला दाट. पण मला अनुमान करायची गरजच वाटत नव्हती. माझ्याकडं त्याहून मोठा पुरावा होता.

बाजरी निघाल्यावरच्या एका सकाळी तात्या शाळेत गेले नाहीत. ओसरीवर घोंगडी अंथरली. शेजारचे राघूअण्णा साक्षीला येऊन बसले. साधा माणूस, सही करता येते याचाच त्यांना अभिमान. तात्यांनी एक लांब कागद उलगडला, वरपासून खालपर्यंत मोडी. मला जवळ बोलावून ते म्हणाले, "आईला सांग, विहिरीवर इंजिन बसवायचं ठरलंय. विहीर सामाईक, म्हणून दोघांची संमती लागते. हा विहिरीचा कागद आहे." इंजिन! आकुर्डीत तेव्हा इंजिन एकाच मळ्यावर होतं. मी उड्या मारत पडवीत गेले. आई हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत होती, माणसं जेवायला थांबणार म्हणून. तिनं ऐकलं, हात तसाच पिठात ठेवला आणि म्हणाली, "इचार, रानाचं तर काय न्हाई ना त्यात?"

मी ओसरीवर आले, विचारलं. तात्या म्हणाले, "विहिरीचा कागद आहे म्हटलं ना."

मी परत गेले, सांगितलं. आई डोक्यावरचा पदर सारखा करून दारात येऊन उभी राहिली. तिनं तात्यांकडं बघितलं नाही, कागदाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "चंद्रे, तू वाचलास का?"

"मला मोडी येत न्हाई" एवढंच म्हणायचं होतं. पण राघूअण्णा बघत होते, आणि मी अनुमान जाणणारी पोरगी होते. आणि खरं सांगायचं तर मला ते खोटं वाटलंच नाही. तात्यांनी सांगितलं होतं. आप्तानं सांगितलेलं म्हणजे पाहिलेलं. मग पाहिलेलं म्हणजे वाचलेलंच की. मी म्हटलं, "व्हय, वाचलाय."

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला मोडी येत नाही हे साऱ्या जगात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एक शब्द बोलले असते तर आई थांबली असती. ते बोलले नाहीत. ठशाची शाईची गादी पुढं सरकवली. आईच्या अंगठ्याला पीठ होतं, पहिला ठसा फिसकटला. तिनं लुगड्याला अंगठा पुसला आणि दुसरा ठसा नीट दाबून दिला. मग सगळ्यांनी शेंगोळी खाल्ली. तात्यांनी दोनदा मागून घेतली.

इंजिन आलं नाही. मी विचारलं की तात्या म्हणायचे, "येईल, कागद वर गेलाय." कांद्याची लागण झाली, खुरपणी आली. एका दुपारी आई रानात खुरपत असताना चार माणसं साखळी घेऊन मोजायला आली. आईनं आधी त्यांना पाणी दिलं आणि मग विचारलं, कशाची मोजणी. त्यांच्यातल्या टोपीवाल्यानं यादी काढली. भला माणूस असावा, त्यानं दोनदा बघून सांगितलं, "या रानाला आता एकच नाव आहे, बाई. तुम्ही हक्क सोडल्याचा कागद करून दिलाय. मालकांनी रान पुण्याच्या शेठना द्यायचं ठरवलंय." आई खुरपं हातात घेऊनच घरी आली. मी दळण निवडत होते. ती माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "तू वाचलं व्हतंस ना?"

"मोडी व्हतं, आये."

"म्हंजे?"

"मला मोडी येत न्हाई."

"मग वाचलं का म्हनलीस?"

"तात्यांनी सांगितलं व्हतं."

तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दळणातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि उठून गेली.

तात्या शाळेतून आले, न्हाणीपाशी पाय धुवायला लागले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा आईचा निरोप म्हणून नव्हे, माझं म्हणून बोलले. "तुम्ही म्हणालात विहिरीचा कागद हाय." त्यांनी पायावर पाणी ओतलं. "मग? विहीर कुठं असते? रानातच ना? चिंचवड पवनेवर आहे म्हटलं तर तू पाण्यात शोधणार का? शब्दाचा अर्थ ओळखायला शिकवलं होतं तुला." ते पुढं समजुतीनं बोलायला लागले. कारखाने येणारच आहेत, रान आज ना उद्या जाणारच, एका नावावर असलं की व्यवहार सरळ होतो, तुम्हा दोघींचं मी बघणार नाही का. "मी काय परका आहे, चंद्रे? आपलाच माणूस ना?" त्या शब्दासरशी मी तिथंच ओकले.

आईनं राघूअण्णांना गाठलं. ते रडवेले झाले. "वैनी, मला मोडी वाचता येत न्हाई. पर तुज्या पोरीनं वाचलाय म्हनून सांगितलं, ते मी या कानांनी ऐकलं. कुनी इचारलं तर मी तेच सांगणार. खोटं कसं सांगू?" गावानंही तेच धरलं. मास्तरांचा कागद, पोरीनं वाचलेला, बाईनं अंगठा दिलेला. यात फसवणूक कुठली? तात्यांचं खोटं टिकलं ते माझ्या खोट्याच्या आधारावर.

कांदा काढायच्या आत आम्ही आकुर्डी सोडली. पिंपरीत एका चाळीत खोली घेतली. आई औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागली. गरम पाण्यानं तिच्या बोटांची कातडी कायम पांढरी पडलेली असायची. तात्यांकडून मधूनमधून धान्य यायचं. आई ते गाडीवानाबरोबर परत पाठवायची. मला तिनं शाळेत घातलं, मॅट्रिक होईपर्यंत घातलं, पुढं मी त्याच कारखान्याच्या कचेरीत कारकून झाले आणि आयुष्यभर कागदच वाचले. पण आईनं पुन्हा कधीही एक कागद मला वाचायला दिला नाही. पत्र आलं की पोस्टमनकडून वाचून घ्यायची. कारखान्याची चिठ्ठी आली की दारावरच्या पहारेकऱ्याकडं न्यायची. माझी मॅट्रिकची गुणपत्रिका मी तिच्या हातात दिली तेव्हा ती आनंदानं रडली, मला जवळ घेतलं, आणि मग ती गुणपत्रिका घेऊन चाळीच्या टोकाला राहणाऱ्या टाइमकीपरकडं गेली. मी दारात उभी राहून बघत होते. तो वाचत होता आणि आई मान डोलवत होती. तिनं मला कधी बोल लावला नाही, कधी कोणाजवळ माझी तक्रार केली नाही. माझ्या हातचं जेवली, माझ्या मांडीवर गेली. फक्त माझा शब्द तिनं पुन्हा कधी खरा धरला नाही.

तात्या तिच्याआधी गेले होते. मी त्यांच्या शेवटच्या दर्शनाला गेले नाही. लोक म्हणाले, एवढं वैर बरं नव्हे. वैर नव्हतंच. वैऱ्यानं फसवलं तर माणूस रागावतो आणि उठून चालू लागतो. मला ज्यांनी विचार करायला शिकवलं त्यांनीच फसवलं. मी रागावू कशानं, माझा रागसुद्धा त्यांनीच शिकवलेल्या शब्दांत यायचा. इतकी पानं झाली तरी मी त्यांना 'ते' म्हणूनच लिहिते आहे, बघा. हात वळत नाही.

निवृत्त झाल्यावर पुण्यात मोडीचा वर्ग निघाल्याचं कळलं. रोज लोकलनं जायचे. वर्गात सगळी इतिहासाची पोरं, मी एकटी म्हातारी. शिकवणारे विचारायचे, आजी, तुम्हाला कुठली कागदपत्रं वाचायची आहेत? मी म्हणायचे, एकच. पण तो कागद कुठं मिळणार? विहीर बुजली, रानावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या आणि त्याही आता गंजल्या. माझ्या हाती आली ती पोथी. तात्यांच्या नातवानं घर पाडताना सापडली म्हणून आणून दिली, तेच तांबडं फडकं. "आजी, तुम्हीच वाचायचात ना ही?" म्हणाला. पोरगा गोड आहे, त्याला काही ठाऊक नाही.

मी दुपारी खिडकीशी बसले आणि पानं उलटत गेले. धूर, ओलं सरपण, दोरी. सगळे अर्थ तात्यांनी मला सांगितले होते तसेच लिहिलेले होते, शब्दाला शब्द. मग शब्दाचं पान आलं. पानाच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेचा तेलकट डाग अजून होता. मी मोडीची ओळ लावायला घेतली, एकेक अक्षर सोडवत. दोनदा वाचली, मग मोठ्यानं वाचली.

'आप्त म्हणजे ज्यास खरे ठाऊक आहे, व जो ते जसेच्या तसे सांगतो, व ज्यास खोटे सांगून काही मिळवावयाचे नाही तो. मग तो आपला असो की परका.'

शेजारी तोच डाग. त्याच ओळीवर बोट ठेवून तात्यानं मला 'आपला माणूस' असं वाचून दाखवलं होतं. अंगठ्याच्या दोन वर्षं आधी, शेंगा फोडत फोडत, मी शेजारी बसलेली असताना. तेव्हा रानाचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

भिंतीवर आईचा कारखान्याच्या पासावरून मोठा करून घेतलेला फोटो आहे. मी पोथी तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, "आता वाचलं, आये."